नाव घातले म्हणजे झाले काय?

मुलाचे नाव शाळेत घातले की आपले कर्तव्य संपले, असे मानणारे आईबाप आमच्या कष्टकरी समाजात थोडेथोडके नाहीत. पेरणी करून रान वाऱ्यावर सोडणाऱ्या कुणब्यास आपण शहाणा म्हणतो काय? मग सहावी-सातवीतल्या पोराचे शिक्षण एकट्या मास्तरावर टाकणाऱ्यास काय म्हणावे?

याच इयत्तांत गणित व विज्ञान कठीण होत जाते आणि याच वयात पोराचे हात कामास येतात. सोयाबीन काढावयास चार दिवस, कापूस वेचावयास आठ दिवस ते घरी राहते. धडा मागे पडतो, पोर वर्गात लाजते आणि पुढे शाळा सुटली की आपण नशिबास बोल लावतो. हे नशीब नव्हे, आपल्याच हाताची करणी होय!

‘आम्ही अडाणी, आम्हांस काय कळते?’ ही सबब आता पुरे. ‘आजचा धडा वाचून दाखव,’ एवढे म्हणावयास अक्षरओळख लागत नाही. पोर कोठे अडखळते ते कानास कळते. दुसरे दिवशी शाळेत जाऊन मास्तरांस विचारावे. बापाने विचारावे, तसे आईनेही. मुलगी असेल तर तिला भांड्यांतून व धाकट्या भावंडांतून तासभर मोकळी करावी.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना १ रुपया दंड ठेविला. घराने हात दिल्यावाचून राजाची शाळाही चालत नाही, हेच त्यातले मर्म. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आणि निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात असे ठरविले. ही सत्ता हाती असता सभेस न जाता वहीवर नुसता अंगठा उठविणे, म्हणजे आपलेच वतन आपण बुडविणे होय.

यामुळे मास्तरांची जबाबदारी रतीभर कमी होत नाही. उलट विचारणारा पालक दारी उभा असला म्हणजे कामचुकारास धाक बसतो व कष्टाळू मास्तरास बळ येते.

बंधुभगिनींनो, बैलाच्या वैरणीची चौकशी रोज करिता. तशीच लेकरांच्या विद्येची चौकशी आज रात्रीपासून सुरू करा!