एक टक्का कुणाच्या नावावर?

सॅम्पल फ्लॅट हा प्रकार ज्याने कुणी शोधून काढला, त्याला एकदा भेटायचंय. भिंतीला मंद पिवळा उजेड, बेडवर सात उशा, किचन ओट्यावर काचेच्या बाऊलमध्ये हिरवी सफरचंदं. आमच्या भाड्याच्या घरात किचन ओट्यावर मिक्सर ठेवला की पोळी लाटायला जागा उरत नाही, त्यामुळे ती सफरचंदं बघूनच मी अर्धी विकली गेले होते. वर कोल्ड कॉफी! आणि समोरच्या गोड मुलीचं गोड वाक्य, “मॅम, फक्त दहा टक्के तुमचे. बाकी बँक देते, आणि सरकारची सबसिडी वेगळी.”

नागपूरच्या बाहेरच्या अंगाला, टू बीएचके, अठ्ठावीस लाख. दहा टक्के म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. आमच्याकडे दोघांचे मिळून तीन लाख चाळीस हजार साठलेले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी नवऱ्याकडे. एक्कावन्न हजारांचं टोकन तिथल्या तिथे द्यायला आम्ही निघालोच होतो. माझ्या फोनची बॅटरी संपली म्हणून वाचलो. (खरंच. स्वतःच्या शहाणपणाचं क्रेडिट घेण्यासारखं यात काही नाही.)

घरी येऊन फोन चार्जिंगला लावला आणि वहीत आकडे मांडले. पत्रकारितेच्या कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की आकडा छापण्याआधी दोनदा तपासा. स्वतःच्या आयुष्याचा आकडा मी पहिल्यांदाच तपासत होते.

तर पहिला धक्का. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. ‘देता येतं’, ‘देतीलच’ असं नाही. आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी, नोंदणी वगैरे धरत नाहीत, घर दहा लाखांच्या आतलं असेल तरच धरता येतात. अठ्ठावीस लाखांच्या घरावर हे सगळं आपल्या खिशातून, रोख, कर्ज मिळायच्या आधी.

दुसरा धक्का सबसिडीचा. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ही सप्टेंबर २०२४ पासूनची. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत आणि कर्ज पंचवीस लाखांपर्यंत असलं, तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज-अनुदान, बारा वर्षांपर्यंतच्या हिशोबाने. जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार. भारतात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको आणि गेल्या वीस वर्षांत कुठल्याही सरकारी योजनेतून घर घेतलेलं नको. आम्ही बसत होतो. पण अठ्ठावीसच्या नव्वद टक्के म्हणजे पंचवीस लाख वीस हजार! वीस हजारांनी योजनेच्या बाहेर. म्हणजे कर्ज पंचवीसच घ्यायचं आणि आपले तीन लाख घालायचे.

पुढची बेरीज मी फ्रिजवर चिकटवली होती. आपले तीन लाख. स्टॅम्प ड्युटी त्या भागात मी सात टक्के धरली. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सूट, म्हणजे सहा, एक लाख अडुसष्ट हजार. नोंदणी एक टक्का, अठ्ठावीस हजार. बांधकाम चालू आहे म्हणून परवडणाऱ्या घराचा एक टक्का जीएसटी, आणखी अठ्ठावीस हजार. प्रोसेसिंग, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, मीटर, सोसायटीची अनामत यांचे पन्नास हजार. एकूण पावणेसहा लाख. त्या गोड मुलीचे ‘फक्त दहा टक्के’ विशीच्या पार गेले.

आणि सरकारचे एक लाख ऐंशी हजार? ते या पावणेसहामध्ये कुठेच येत नाहीत. ते नंतर येतात, वर्षाला छत्तीस हजार असे पाच हप्त्यांत, थेट कर्जखात्यात. तेही खातं चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असेल तर. पंचवीस लाखांचा वीस वर्षांचा ईएमआय साडेआठ टक्क्यांनी सुमारे एकवीस हजार सातशे. त्यात महिन्याला तीन हजारांचा हलकेपणा, तोही पाच वर्षं. वाईट नाही हो! पण डाउन पेमेंटच्या दिवशी त्याचा शून्य उपयोग. माझ्या एका सीनियर मैत्रिणीला २०१९ मध्ये जुन्या योजनेतून दोन लाख सदुसष्ट हजार एकदम मुद्दलातून वजा होऊन मिळाले होते. ती योजना तिच्या उत्पन्न गटासाठी मार्च २०२२ मध्ये बंद झाली. “तू उशीर केलास,” असं ती म्हणते. २०१९ मध्ये मी इंटर्न होते, पाच हजारांवर.

असो. दोन लाख पस्तीस हजार कमी पडत होते. आणि अशा वेळी मध्यमवर्गीय मराठी माणूस जे करतो तेच आम्ही केलं. सासरी गेलो.

माझं सासर चामोर्शीचं. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली आणि मग चामोर्शी. लालपरीत बसलं की कंबर प्रत्येक गावाची नोंद ठेवते. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा असते, वैनगंगेच्या काठी, तालुकाच्या तालुका लोटतो. दर वर्षी आम्ही जातोच. यंदा डोक्यात पावणेसहा लाख घेऊन गेलो.

तिथे ‘फ्लॅट’ या शब्दावर अजून कुणाचा फारसा विश्वास नाही. माणूस आधी जागा घेतो, मग दोन खोल्या काढतो, एखाद्या बऱ्या वर्षी धानाच्या पैशावर स्लॅब टाकतो. कर्ज काढायचं तर अडचण कागदाची. गावठाणातल्या कितीतरी जुन्या घरांना कागद म्हणून नमुना आठ आणि कराच्या पावत्या, आणि तेवढ्यावर गृहकर्जाची फाइल पुढे सरकत नाही. म्हणून तिथे सरकारी मदत म्हणजे घरकुल. २०१५ मध्ये चामोर्शीची नगरपंचायत झाली, तेव्हापासून गावाला शहरी योजना लागू. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख, टप्प्याटप्प्याने, पाया, भिंती, छत असे फोटो काढत काढत. वेशीबाहेरच्या खेड्यात ग्रामीण योजना, तिथे गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला मूळ रक्कम एक लाख तीस हजार. रमाई, शबरी, मोदी आवास या आणखी वेगळ्या. आम्हाला यातलं काहीच नाही, कारण शहरी घरकुलाला वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत लागतं. आम्ही दोघं मिळून साडेसात. ना गरीब ना श्रीमंत, म्हणजे फॉर्म भरायला सगळ्यात वाईट कॅटेगरी!

मामाजींना आम्ही पैसे मागितले नव्हते. फक्त ‘बघतोय’ एवढंच म्हणालो. रात्री जेवताना तेच म्हणाले, “एक बांधी काढतो. कोनसरीले कारखाना आला तवापासून जमिनीले विचारते लोक.” तीन एकर धान, त्यातला एक तुकडा. नवरा मान खाली घालून भात कालवत राहिला. मी खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आधी हायसं वाटलं आणि मग लाज.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून मी त्यांना सगळं नीट समजावलं. बँकेच्या माणसाने सांगितलं होतं की घरच्यांकडून रक्कम आली तर भेटपत्र लागेल, म्हणजे ‘हे पैसे मी भेट म्हणून देत आहे, त्यावर माझा हक्क राहणार नाही’ असं लिहून. सासऱ्यांकडून आलेल्या भेटीवर आयकर नाही, हेही मी उत्साहाने सांगितलं. मी फुल फॉर्मात होते. स्टॅम्प ड्युटीच्या एक टक्का सुटीपर्यंत पोचले. “घर फक्त माझ्या नावावर घेतलं तर अठ्ठावीस हजार वाचतात, मामाजी. यांचं नाव जोडलं की सूट गेली.”

मामाजींनी सुपारी कातरायची थांबवली.

“म्हंजे बांधी माही, हक्क नाही म्हून लिवून द्यायचं मी, आन् घर तुह्या नावावर?”

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, कर्जाला आम्ही दोघं आहोत, ईएमआय दोघांचा. ते म्हणाले, “तसं नाही, सूनबाई, मी फकत विचारून राहिलो.” आणि उठून शेताकडे गेले.

मला राग आला. त्यांचा आला, आणि त्या नियमाचाही आला. सरकारने कुठेतरी मुंबईत बसून बाईसाठी एक टक्का ठेवला, एप्रिल २०२१ पासून. ठीक आहे, स्वागत. सुरुवातीला पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अटही होती, ती २०२३ मध्ये गेली. पण त्या एका टक्क्यामुळे जो प्रश्न आमच्या घरात कुणी आयुष्यभर विचारला नसता, तो चामोर्शीच्या ओसरीवर भर दुपारी विचारला गेला. घर कुणाचं? ज्याची बांधी गेली त्याचं, जो हप्ता भरतो त्याचं, की जिच्या नावाने सूट मिळते तिचं? मी मुलाखतींमध्ये मोठ्या मोठ्या बायकांना ‘मालकी हक्का’विषयी विचारलंय. त्यांची उत्तरं मी छान चौकटीत टाकते. इथे मला एक वाक्य सुचेना.

बोलल्या त्या आत्याबाई. सुपात तांदूळ पाखडत होत्या, वर न बघता म्हणाल्या, “बत्तीस वर्षं झाली मी या घरात. माह्या नावावर काय आहे? गॅसचं कारड आन् राशनचं कारड. ते बी सरकारनंच लावलं.”

नवरा हसला. मी पण हसले. त्या हसल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघं गडचिरोलीपर्यंत काही बोललो नाही. आरमोरीच्या आसपास नवरा म्हणाला, “बांधी नको.” मी म्हणाले, “हो.” त्याचं कारण वेगळं असावं, माझं वेगळं होतं. त्याला बापाचं शेत तुटायला नको होतं. मला ते भेटपत्र नको होतं. ज्या माणसाला मी दर सणाला वाकून नमस्कार करते, त्याच्याकडून ‘हक्क राहणार नाही’ असं लिहून घ्यायचं आणि मग त्याच घरात त्याला पाहुणा म्हणून चहा द्यायचा, हे मला जमलं नसतं. उमरेडपर्यंत ठरलं की टोकन नाही.

आता प्लॅन असा आहे. महिन्याला साडेबारा हजारांची आरडी, अठरा महिने, व्याजासकट कमी पडणारी रक्कम जुळते. तेवढ्या काळात माझी आयकर विवरणपत्रं नीट तीन वर्षांची होतात. फ्रीलान्सरला सॅलरी स्लिप नसते, बँकेला आमची लेखनसेवा दिसतच नाही, दिसतं ते फक्त विवरणपत्र आणि कापलेला टीडीएस. (कॅशमध्ये मानधन घेणाऱ्या मित्रमंडळींनो, पुन्हा एकदा विचार करा.) एका क्रेडिट कार्डाचा विसरलेला हप्ता सिबिलमध्ये बसलाय, त्यालाही जुनं व्हायला वेळ मिळेल. आणि तयार, भोगवटा प्रमाणपत्र असलेलं घर मिळालं तर जीएसटीचे अठ्ठावीस हजार वाचतील.

त्या गोड मुलीचा फोन आला होता. म्हणाली, मॅम, रेट वाढणार आहेत. वाढू देत. मी तिला महारेरा नोंदणीचा क्यूआर कोड मागितला, जो ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत असायलाच हवा, आणि विचारलं की नोंदणीकृत करार करण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत ना? ती म्हणाली, सरांना विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सॅम्पल फ्लॅट बघायला जाणार असाल तर हे दोन प्रश्न कोल्ड कॉफीच्या आधी विचारा, नंतर तोंड गोड झालेलं असतं.

आमचं सासरी एवढंच कळवलं होतं की सध्या थांबलोय. कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दर फोनवर प्रकृती, पाऊस, धानाचं बियाणं.

मग जूनमध्ये एका रात्री मामाजींचा फोन आला, थेट माझ्या नंबरवर. ते सहसा मुलालाच करतात. मला वाटलं आत्याबाईंना काही झालं. तसं काही नव्हतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं.

“ते एक टक्का म्हनत होतीस ना तू. ते फकत एकल्या बाईचं नाव असलं तंच भेटते काय?”

“हो मामाजी. कुठल्याही पुरुषाचं नाव जोडलं की जाते सूट.”

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“मंग जोडाचं कायले,” ते म्हणाले. आणि पुढच्याच श्वासात, “तुमच्याकडं आला काय पानी? इकडं अजून पऱ्हे टाकाचेच आहेत.”