पोसायचं कशाला?

शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराने चिडून 20 ऑगस्ट 2024ला बदलापूर स्टेशनच्या रुळांवर लोक उतरले, तेव्हा एकच घोषणा होती: फाशी द्या. संताप खरा होता. पण चामटोलीपासून अंबरनाथपर्यंत कुठल्याही टपरीवर त्याला जोडून जो युक्तिवाद ऐकू येतो, तो तपासायला हवा. ‘असल्यांना सरकारच्या पैशावर पोसायचं कशाला?’ म्हणजे फाशी स्वस्त पडते!

मग येरवडा तुरुंगातला हिशेब पाहू. लहान मुलं पळवून त्यांचे जीव घेणाऱ्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना 1996मध्ये अटक झाली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने 2001मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने 2004मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006मध्ये ती कायम केली. पुढे दयेचा अर्ज 7 वर्षं 10 महिने रखडला. त्याच दिरंगाईवर बोट ठेवून जानेवारी 2022मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. पंचवीस वर्षं भाकरी सरकारचीच, वर कोर्टकचेऱ्यांचा आणि राष्ट्रपती भवनापर्यंत फिरलेल्या फायलींचा खर्च. 2001मध्येच जन्मठेप झाली असती तर यातलं बरंचसं टळलं असतं. कॅलिफोर्नियाची तऱ्हा याहून भारी: 2011च्या एका अभ्यासानुसार 1978पासून सुमारे 4 अब्ज डॉलर खर्चून तिथे 13 जणांना मृत्युदंड दिला गेला.

‘मग अपिलं कमी करा’, हे ठरलेलं उत्तर. नाशिकजवळच्या 2003च्या दरोडा-खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच 2009मध्ये सहा जणांना फाशी ठोठावली. भटक्या समाजातली ही गरीब माणसं. 2019मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकी 5 लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून ओळखलेले चौघे वेगळेच होते. अपिलं कापली असती तर ही भरपाई कुणाच्या हातात ठेवली असती?

पैसा लागतो तो पोलीस ठाण्याच्या टेबलावर. बदलापूरच्या आईबापांना तक्रार नोंदवायलाच तासन्तास बसवून ठेवलं गेलं. लोकांचा भडका तिथून सुरू झाला. महिला अधिकारी, वेळेत जबाब, वेळेत न्यायवैद्यक अहवाल आणि कल्याणच्या कोर्टात पॉक्सोच्या खटल्यांना पुरेसे न्यायाधीश, यावर खर्च करा. शिक्षा कडक हवी, तर ठरावीक वर्षं सवलत न मिळणारी जन्मठेप आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्येच ती वाट मोकळी केली.

बदलापूरचा आरोपी 23 सप्टेंबर 2024ला पोलिसांच्या व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. गावात पेढे वाटले गेले. त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही. उच्च न्यायालयाचे दिवस गेले ते त्या गोळीच्या सुनावणीत.