बर्ड फ्लू : प्रश्न चिकनचा नाही

बर्ड फ्लूची बातमी आली की दवाखान्यात पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, चिकन खायचं का?" खुशाल खा. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये हा विषाणू टिकत नाही, ७० अंश सेल्सिअसला तो मरतो. २००६ मध्ये नवापूरला साथ आली तेव्हाही सगळे ताटातल्या चिकनलाच घाबरले होते!

धोका आहे तो आजारी किंवा मेलेल्या कोंबड्या हाताळणाऱ्यांना, त्या सोलणाऱ्यांना, खुराडं झाडणाऱ्यांना. अशा संपर्कानंतर दहा दिवसांत ताप, खोकला, अंगदुखी सुरू झाली, डोळे लाल झाले किंवा जुलाब लागले, तर "व्हायरल असेल" म्हणून अंगावर काढू नका. दम लागत असेल तर थेट मोठं रुग्णालय गाठा. आणि कोंबड्यांचं डॉक्टरांना आपणहून सांगा. खरं तर ते आम्ही विचारायला हवं, पण तापाच्या रुग्णांच्या गर्दीत आमच्याकडूनही राहून जातं.

निदानासाठी घशातला स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर करतात. पण माझं मत विचाराल तर, असा संशय आल्यावर रिपोर्टची वाट पाहत बसू नये. ओसेलटामिविर पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं काम करतं; उशीर झाला तरी द्यावंच. जगभरात नोंदलेल्या एच५एन१ रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत, इथे एकेक दिवस मोलाचा असतो. मात्र ही गोळी मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. अँटिबायोटिक तर विषाणूवर चालतच नाही.

आणि परसातल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या तर त्यांना हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.