रस्ता म्हणजे शर्यतीचे मैदान नव्हे

तरुणांनी हौशी मोटाररॅली काढाव्यात, धाडसही करावे. परंतु ज्या रस्त्याने मुले शाळेत जातात, तेथे वेगाची स्पर्धा नको. इटलीत १२ मे १९५७ रोजी मिले मिलिया या नामांकित शर्यतीत टायर फुटलेली मोटार रस्त्याकडेच्या गर्दीत घुसली. पाच मुलांसह नऊ प्रेक्षक प्राणास मुकले. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ राज्य शासनाच्या लेखी संमतीविना अशा शर्यतीस मनाई करते. मात्र, केवळ शासनाची संमती पुरेशी नाही. आयोजकांनी वाटेवरील प्रत्येक गावाला आधी कळवावे आणि लवकर पोहोचणाऱ्याचेही गुण कापणारी, नेमून दिलेल्या सरासरी वेगाची रॅलीच घ्यावी. ज्याच्या अंगणातून जायचे त्याला विचारून जावे, हाच आपला संस्कार आहे.