विश्लेषण : फुप्फुसावरणाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया फायद्याची की तोट्याची?

‘गाठ काढून टाका, म्हणजे सुटलो,’ असे कर्करोगाचे निदान झालेल्या घरात हमखास ऐकू येते. फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमा या दुर्मीळ कर्करोगात मात्र हा हिशेब जुळत नाही, असे ब्रिटनमधील ‘मार्स-२’ चाचणीतून दिसले.

हा आजार कशामुळे?

मुख्यतः ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे. श्वासावाटे तंतू गेल्यापासून आजार दिसेपर्यंत अनेकदा तीस-चाळीस वर्षे जातात. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, तरी तिथे आजही रुग्ण आढळतात. भारतात तर छपरांच्या सिमेंट पत्र्यांसाठी ॲस्बेस्टॉस अजून आयात होते.

शस्त्रक्रिया कुठे अडते?

हा कर्करोग एका जागी गोळा होऊन बसत नाही, भिंतीवर गिलावा चढावा तसा आवरणभर पसरतो. डोळ्यांना दिसेल तेवढा खरवडून काढला, तरी सूक्ष्म पेशी मागे राहतात. पूर्वी आवरणासह अख्खे फुप्फुस काढत. ५० रुग्णांच्या पहिल्या ‘मार्स’ चाचणीत (२०११) असे रुग्ण मध्यमानाने १४.४ महिने जगले. ते न काढलेले १९.५ महिने. मग फुप्फुस वाचवून फक्त आवरण सोलण्याची पद्धत रुजली. तिचीच परीक्षा ‘मार्स-२’ने ३३५ रुग्णांवर घेतली. केमोथेरपीसोबत शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यमान आयुष्य १९.३ महिने, तर फक्त केमोथेरपी घेतलेल्यांचे २४.८ महिने भरले. शस्त्रक्रियेच्या गटात गंभीर गुंतागुंतही जास्त होती.

सर्वच शल्यविशारदांना हे मान्य नाही. रुग्णांची निवड अधिक काटेकोर हवी होती, अनुभवी केंद्रांत मृत्यू कमी होतात, असा त्यांचा आक्षेप आहे. तो अगदीच गैरलागू नाही. पण शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता त्यांच्यावर आहे.

मग उपचार कोणते?

केमोथेरपी आहेच. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या जोडीला अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली. चाचणीत तिने मध्यमान आयुष्य १४.१ वरून १८.१ महिन्यांवर नेले. ती महागडी आहे, ही अडचण वेगळीच. दुर्बिणीतून तुकडा काढून तपासणे, छातीत साचणारे पाणी काढून दम कमी करणे, यासाठी शल्यविशारद अजूनही लागतोच.

याच आवरणावर ‘सॉलिटरी फायब्रस ट्यूमर’ नावाची आणखी एक दुर्मीळ गाठ होते. ती बहुधा सुटी, कधी देठावर लोंबणारी असते. पूर्ण काढली की बहुतेक रुग्ण बरे होतात, मात्र पुढे काही वर्षे तपासणी चुकवता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी बायोप्सीच्या अहवालात गाठीचा नेमका प्रकार काय लिहिला आहे, हे नातेवाइकांनी डॉक्टरांकडून समजून घेणे गरजेचे ठरते.