टॅप की टेप? बोलताना गल्लत चालते, कोर्टात नाही

उज्जैन : फ्रीगंजच्या टॉवर चौकात संध्याकाळी मराठी-हिंदी सरमिसळ गप्पांमध्ये राजकारण निघालं, की 'त्याचा फोन टेप झाला' हे वाक्य हमखास कानावर पडतं. म्हणायचं असतं टॅप.

टेप म्हणजे ध्वनिफीत. टॅप मात्र पिंपाच्या तोटीवरून आला. ताडाला चीर देऊन मडक्यात रस उतरवतात, त्यालाही इंग्रजीत टॅपिंगच म्हणतात. पुढे तारयंत्राच्या तारेला मधेच जोड देऊन निरोप चोरायला लागले, तेव्हा हाच शब्द तिथे चिकटला. म्हणजे रेकॉर्डिंग नाही केलं, नुसतं चोरून ऐकलं, तरी ते टॅपिंगच.

मुंबईच्या मलकानी खटल्यात फोनला टेपरेकॉर्डर जोडला होता, पण बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने. सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा मान्य केला. ती टेप होती, टॅप नव्हे.

खऱ्या टॅपिंगला लेखी आदेश लागतो. १८८५ च्या तार कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षा ही अट होती. १९९६ च्या पीयूसीएल निकालाने गृहसचिवांची मंजुरी, मुदत आणि फेरतपासणी समिती घालून दिली. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि २०२४ चे नियम आलेत. आदेश ६० दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस.

कागदावर बंदोबस्त चोख आहे. पण कागदावर नावच भलतं असेल तर? नाना पटोले यांनी जुलै २०२१ मध्ये विधानसभेत हाच आरोप केला. त्यांचा नंबर म्हणे 'अमजद खान' या नावाने, अमली पदार्थांच्या संशयाखाली ऐकला गेला. (शोले पाहिलेल्यांना हसू येईल, पण प्रकरण हसण्यासारखं नाही.) फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा दाखल झाला, नंतर मुंबईतही एक. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या.

गुन्हे संपले, तरी मूळ प्रश्न उरतोच. मंजुरी देणाऱ्याच्या टेबलावर येतो तो प्रस्ताव, नंबर आणि कारण. नंबर खरा कुणाचा, हे तिथेच तपासलं नाही तर पुढची समितीही तोच कागद वाचणार. आणि ज्याचा फोन ऐकला, त्याला नंतरसुद्धा कळवायची तरतूद नव्या नियमांत नाही. पटोले आमदार होते, म्हणून निदान सभागृहात उभं राहून विचारता आलं.