दुसरी प्रत आहे म्हणता, पण ठेवलीय कुठे?

२६ सप्टेंबर २०२५. दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरातलं सरकारी डेटा सेंटर पेटलं. लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली आणि शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. बऱ्याचशा नंतर सुरू झाल्या. पण कर्मचाऱ्यांच्या कामाची कागदपत्रं जिथे होती, ती ‘जी-ड्राइव्ह’ गेली. ८५८ टेराबाइट डेटा, आणि बाहेर कुठेही बॅकअप नाही! कारण काय दिलं? डेटा फार मोठा होता म्हणून बॅकअप घेता आला नाही.

आता आपल्याकडे या. सातबारा, जन्माचा दाखला, घरपट्टी, सगळं ऑनलाइन. डेटा सुरक्षित आहे का विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘सिस्टिममध्ये रेप्लिकेशन आहे.’ म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ.

लाखो नोंदींतून क्षणात शोधून देणारी इलॅस्टिकसर्चसारखी यंत्रणा डेटाचे तुकडे करून अनेक मशीनवर ठेवते. या तुकड्यांना शार्ड म्हणतात. प्रत्येक शार्डची प्रत, म्हणजे रेप्लिका, दुसऱ्या मशीनवर असते. मूळ शार्डचं मशीन बंद पडलं की प्रत त्याची जागा घेते आणि शोध चालू राहतो. सोय उत्तम आहे, हवीच.

पण सगळी मशीन एकाच खोलीत असतील तर? कुठलं मशीन कुठल्या रॅकमध्ये, कुठल्या इमारतीत, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय यंत्रणेला कळत नाही. मग आग लागली की मूळही जातं आणि प्रतही.

दुसरं म्हणजे, रेप्लिका चूकसुद्धा इमानदारीने उतरवते. इकडे नोंद पुसली की तिकडेही पुसली जाते. जुलै २०२० मधल्या ‘म्याऊ’ हल्ल्यात इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो डेटाबेस पुसले गेले, त्यात इलॅस्टिकसर्चचेही होते. अशा वेळी रेप्लिकेशन काही कामाचं नाही. त्यासाठी ठरावीक वेळाने घेतलेला आणि वेगळ्या ठिकाणी ठेवलेला स्नॅपशॉटच लागतो.

खर्च वाढतो, मान्य. पण सगळ्याला सारखा खर्च नको. शोधाची अनुक्रमणिका मूळ नोंदींवरून पुन्हा बनवता येते, फक्त वेळ जातो. मूळ नोंदीच गेल्या तर कशावरून बनवणार? त्यामुळे पैसा आधी तिथे लावा.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली, फायली जळाल्या. आपल्याला हे कुणी वेगळं सांगायला नको. कागद स्कॅन करून पुन्हा एकाच इमारतीत ठेवले, तर जळणारी वस्तू तेवढी बदलली, धोका तोच राहिला.

म्हणून आपल्या नगरसेवकाला, आमदाराला किंवा माहिती अधिकारात तीनच प्रश्न विचारा. सुरक्षेचं कारण पुढे येऊ नये म्हणून पत्ता मागू नका.

१. दुसरी प्रत वेगळ्या शहरात आहे का?
२. स्नॅपशॉट किती दिवसांनी घेतला जातो?
३. त्यावरून सगळी यंत्रणा पुन्हा उभी करून शेवटचं कधी पाहिलं?

तिसऱ्याचं उत्तर तारखेसह मागा. तारीख सांगता आली नाही, तर बॅकअप आहे असं धरून चालू नका. आणि पुढच्या टेंडरमध्ये ही चाचणी दरवर्षी सक्तीची करा, एवढी मागणी तरी आपण लावून धरायलाच हवी.

तुमच्याकडे काय उत्तर मिळतं ते इथे नक्की लिहा.